शरयूच्या मागचं अक्रा

घानाची राजधानी अक्रा. तिथे चारुदत्त गुप्ते दोन वर्षं पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होता आणि त्या दोन वर्षांवर तो अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये सहा वर्षं भाव खात होता. मराठी मंडळात आफ्रिकेचा विषय निघाला की हा घसा खाकरायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. अक्रात एखाददुसरा रविवार सोडला तर तो बंगला ते ऑफिस आणि ऑफिस ते बंगला एवढाच हिंडला होता. उरलेला वेळ कढीपत्ता शोधण्यात गेला.

१९८५च्या दिवाळीत मंडळाच्या पॉटलक जेवणानंतर त्याचा स्लाइड शो ठरला: 'अक्रा शहराची ओळख'. फुशारकीच्या भरात त्याने ऑफिसातल्या एबो आमोआलाही बोलावलं. एबो मूळचा अक्राचाच. सात वर्षांत त्याला घरी जाता आलं नव्हतं. "निदान भिंतीवर तरी गाव बघेन," म्हणत तो कोट घालून आला आणि अगदी पुढच्या खुर्चीत बसला.

पहिली स्लाइड स्वातंत्र्याच्या कमानीची. कमानीसमोर शरयू, चारुदत्तची बायको. दुसरीत जेम्सटाउनचं दीपगृह, म्हणजे शरयूच्या डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचा तुरा. मग समुद्र, शरयूच्या खांद्यावरून दिसला तेवढा. नुसत्या इमारतींवर फिल्म कोण वाया घालवतो? फोटोत घरचं माणूस हवंच.

"अक्रा कुठाय यार? ही तर वहिनींची ओळख!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. चारुदत्तही हसला, न हसून करतो काय?

सहाव्या स्लाइडला एबो उठला आणि पडद्याजवळ गेला.

"माकोला मार्केट," तो इंग्रजीत म्हणाला. "एकोणऐंशीत सैनिकांनी जमीनदोस्त केलं. ही कापडवाल्या बायकांची रांग. इथून तिसरं माझ्या आईचं दुकान." त्याचं बोट शरयूच्या पोपटी साडीवर येऊन थांबलं. "मॅडमना जरा बाजूला नाही करता येणार?"

आता कोणी हसलं नाही. चारुदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने उरलेल्या सगळ्या स्लाइड भराभर पुढे नेल्या. बाजार पुन्हा कुठेच नव्हता.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," शरयू हळूच म्हणाली, "मागचं दुकान झाकलं जातंय म्हणून."

म्हटलं होतं खरं. आणि कॅमेऱ्याला डोळा लावून तो म्हणाला होता, "तू मध्ये ये गं. दुकान काय कुठे पळून जातंय?"