थेंब फिरवून बघणारे तात्या

"फिरवून बघितलं का?"

हे विचारताना तात्या अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतल्या हवेत न दिसणारी एक काच फिरवायचे. कुणी म्हणालं, उद्या कालव्याला पाणी सुटतंय, की लगेच त्यांची बोटं फिरायची. आमच्याकडे चहा आणणाऱ्या बाईंच्या पुतणीला स्थळ आलं, मुलगा एमआयडीसीत कायम आहे म्हणे, तेव्हाही तेच. बाई पदराआड हसल्या, पण गेल्या आणि चौकशी करून आल्या. मुलगा कायम नव्हता.

बारामतीत मातीपाणी तपासून देणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी अहवाल लिहायला होते. तात्या बघायचे आणि सांगायचे, मी लिहायचे. अहवालात त्यांचा एकच हट्ट असायचा. मुळांना गाठी आणणारे मातीतले जंत मिळाले नाहीत तर 'नाहीत' असं लिहायचं नाही, 'आढळले नाहीत' लिहायचं. शेतकरी वैतागायचे. "तात्या, सरळ बोला की. हायेत का न्हाईत?" तात्या शांतपणे म्हणायचे, "आमाला घावलं न्हाईत. एवढंच आमचं. बाकीचं रान मोठं हाय." कागद घेऊन माणूस बाहेर जायचा, तो डोकं खाजवतच.

पण तात्यांचं खरं दुकान सुप्याच्या बाजारात. बाजाराच्या दिवशी ते सकाळीच एसटीनं जायचे, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी. सगळे त्याला दुर्बीणच म्हणत. पहिली काही वर्षं तात्यांनी शब्द सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "नाव काय बी म्हना, बघा मातर नीट." भाजीवाल्यांच्या कडेला, लिंबाखाली, एक स्टूल आणि त्यावर ते यंत्र. वीज नको, खालच्या छोट्या आरशानं ऊन पकडायचं आणि वर थेंबात सोडायचं. मला ते दिवस आठवतात ते त्या उन्हासकटच. मेथीच्या जुड्यांवर पडलेलं, धुळीत तरंगणारं, आरशातून उलटं फिरून तात्यांच्या हनुवटीवर थरथरणारं ऊन. बाजाराचा गलका कानात असायचा आणि तरी तिथे बसलं की पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

आधी ते उकळून गार केलेल्या पाण्याचा थेंब दाखवायचे. "काय दिसतंय?" काहीच नाही. मग गाठाळलेलं मूळ धुतलेल्या पाण्याचा थेंब. त्यात केसाहून बारीक, पारदर्शक जंत वळवळत असायचे. बघणारा पहिल्यांदा दचकायचा आणि मग काचेवरून डोळा काढून थेंबाकडे नुसत्याच डोळ्यांनी बघायचा. तिथे काही नसायचं.

एकदा एका आबांनी सगळ्यांदेखत फैसला दिला. "ह्यानं काचंतच किडं पाळल्यात."

तात्यांनी डोळा लावायची काच काढून त्यांच्या हातात दिली. "पुसा आबा, तुमच्याच उपरन्यानं."

आबांनी ती अशी पुसली की जणू नातवाचं नाकच. परत लावून बघितलं. जंत जागेवर. मग तात्यांनी आपला नियम सांगितला, जो मी शेकडो वेळा ऐकलाय. "थेंबाची पट्टी फिरवा. संगं फिरलं तर ते थेंबात हाय. ही वरची काच फिरवा. संगं फिरलं तर ती काचंची घाण. आन् दोन्ही फिरवून बी फिरलं न्हाय, तर ते तुमच्या डोळ्यात हाय."

आबा हार मानणाऱ्यातले नव्हते. "आमच्या आज्याच्या वक्ताला हे न्हवतं."

"तवा मुळांना गाठी यायच्या का?"

"यायच्या. रानाला नजर लागली म्हनायचे."

"मग व्हतं की. कुनी बघितलं न्हाय म्हनून ते थांबलं न्हवतं."

आबा उपरणं झटकून निघून गेले. पुढच्या बाजाराला येताना मात्र रुमालात माती बांधून आले.

कोऱ्हाळ्याच्या एक बाई दर वर्षी मातीचा नमुना घेऊन यायच्या. अर्ध्या एकरात भाजीपाला, जिभेला धार. सगळे त्यांना काकी म्हणायचे, तात्या वहिनी म्हणायचे. एका वर्षी त्यांनी टोमॅटोची रोपं सांगून ठेवली होती, वाफे तयार होते, फक्त तात्यांचा शब्द हवा होता. तात्यांनी डोळा लावला. त्या दिवशी नमुन्यांची रांग होती. ते म्हणाले, "जंत हायेत वहिनी. टोमॅटो नगा लावू. झेंडू लावा, त्यानं कमी हुत्यात." मी लिहिलं, 'आढळले'. काकींनी रोपं जावेला देऊन टाकली आणि अर्ध्या एकरात झेंडू लावला. त्या वर्षी जावेचे टोमॅटो असे आले की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. काकींच्या रानात नुसता पिवळाकेशरी उजेड.

झेंडूचा तोडा संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. सुप्याच्या बाजारात मीही तात्यांबरोबर गेले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे कोऱ्या पाण्याचा थेंब लावला. एका पोक्त बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "काय न्हाय ह्यात." तात्यांनी स्वतः डोळा लावला.

"हाय की. ह्यो काय, वळवळतोय."

बाईंनी परत बघितलं. "न्हाय वो तात्या."

तात्यांनी पट्टी फिरवली. मग वरची काच फिरवली. मग परत पट्टी. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. शेवटी त्यांनी डोळा काढला, लिंबाच्या पानांमधून आभाळाकडे बघितलं, आणि तिथेही त्यांना तो दिसला असावा, कारण त्यांची मान एका जागी हळूहळू सरकत गेली. अजून अकराही वाजले नव्हते. त्यांनी पेटी बंद केली.

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरतंय. त्याचेच धागे डोळ्यासमोर तरंगतात. बऱ्याच महिन्यांपासून असेल. तात्यांनी एवढंच विचारलं, "झेंडूच्या आधीपास्नं?"

मी घाबरले. कागदावर अक्षर माझं होतं. मी त्यांना म्हटलं, "तात्या, आता कशाला उकरायचं? आता माती तपासून जंत नाही निघाले तर झेंडूनं गेले म्हणता येईल. कुणाला काही कळायचं नाही." आज हे लिहितानाही मला लाज वाटते.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "विहिरीकडचा कोपरा कोरा हाय. तितं झेंडू न्हवता. तितंबी जंत न्हाय घावलं, तर ते आदीपास्नंच न्हवतं."

आम्ही माझ्या स्कूटीवरून कोऱ्हाळ्याला गेलो. तात्यांनी त्या कोपऱ्यात चार ठिकाणची माती काढली. बघितलं मात्र मी. एक थेंब, दहा थेंब, संध्याकाळपर्यंत. आढळले नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्या परत गेले आणि काकींच्या अंगणात उभे राहिले, खाटेवर बसले नाहीत. जाऊही तिथेच शेंगा निवडत होती.

"वहिनी, तुमच्या मातीत जंत न्हवतं. निदान आमाला आता घावलं न्हाय. ते माझ्या डोळ्यात व्हतं. मी चुकलो."

काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "इतकी वर्सं आमाला सांगताय, फिरवून बघा, फिरवून बघा. तुमी सोता फिरवलं न्हाय व्हय?"

"न्हाय फिरवलं. इतकी वर्सं बघतोय, मला काय फिरवायचं, असं वाटलं."

जाऊ तोंडाला पदर लावून आत गेली. काकींनी सूप परत उचललं, दोनदा पाखडलं. मग म्हणाल्या, "ह्या वर्साचं मी तुमाला माफ करनार न्हाय. पर च्या घ्या." चहा कोराच आला. तात्यांनी तो सगळा प्यायला.

पुढच्या बाजाराला तात्यांनी लिंबाखाली उभं राहून हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली, स्वतःचं काही न झाकता. आबा म्हणाले, "आता तुझ्यावर भरवसा कसा ठिवायचा?" तात्या म्हणाले, "नगाच ठिवू. संगं बघा." त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला, दोघांनी बघितल्याशिवाय कागदावर अक्षर उमटवायचं नाही. मला वाटलं होतं, गर्दी कमी होईल. झाली नाही. लोक आता जास्त वेळ बसायचे, जास्त भांडायचे.

तात्यांची नजर मात्र विझत गेली. नोकरी संपल्यावर ते इंदापूरला लेकीकडे राहायला गेले. तिच्या घरातून उजनी धरणाचं पाणी दिसतं असं ती सांगायची. तात्या म्हणायचे, मला त्याचा वास येतो. मागच्या थंडीत ते गेले. लिंबाखाली आता एक रसवंती उभी असते.

पण मला तात्या आठवतात ते त्याच्या आदल्या वर्षीचे. काकींना पुन्हा टोमॅटो लावायचे होते. मी म्हटलं, प्रयोगशाळेत द्या नमुना. त्या म्हणाल्या, "तात्यांना दावल्याबगर न्हाय." मी पेटी घेतली, त्यांनी मातीची पिशवी घेतली, आणि आम्ही इंदापूर गाठलं. लेकीनं ओसरीवर स्टूल मांडलं, मी मातीच्या पाण्याचा थेंब पट्टीवर घेतला. सकाळचं ऊन होतं. तात्यांनी चाचपून आरसा शोधला आणि बोटावर ऊब लागेपर्यंत तो फिरवला. ऊन बरोबर थेंबात गेलं.

"वहिनी, तुमी बघा."

काकींनी डोळा लावला. आम्ही सगळे थांबलो. पाण्यावरून कुठला तरी पक्षी ओरडत गेला.

"हाय, तात्या. वळवळतंय."

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बोटांनी पट्टी धरली आणि हळू फिरवली. "फिरलं का?"

"फिरलं."

वरची काच फिरवली. "आता?"

"न्हाय. जागेवरच हाय."

"नीट बघा वहिनी. माझ्यासाठी म्हनून नगा सांगू."

"तुमच्यासाठी कशाला सांगू? रान माझं जातंय." त्यांनी डोळा काढला आणि मला बसवलं. मीही बघितलं. होता. "परत झेंडूच लावते," काकी म्हणाल्या, आणि का कोण जाणे, हसल्या.

तात्या मात्र हसले नाहीत. त्यांना काहीच दिसत नव्हतं, ना थेंबातलं, ना डोळ्यातलं. पट्टीवरची बोटं त्यांनी उचलली नव्हती. ते स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे मी न्हाय बघितलं, तरी हाय."

"हाय, तात्या," काकी म्हणाल्या, आणि त्यांची बोटं पट्टीवरून अलगद सोडवली.