दयाळाचे मित्र

दर रविवारी सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे पक्षीमित्र जमतात. मित्र म्हणे! परवा दयाळ काही दिसेना, तेव्हा एका प्राध्यापकांनी मोबाइलवर दयाळाचीच शीळ लावून तो बाकावर ठेवला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून दयाळ घरटं सोडून धावून आला आणि शेपटी उभारून शत्रू शोधू लागला.

"काय पोज देतोय बघा!" प्राध्यापक म्हणाले. सगळ्यांनी धडाधड फोटो काढले.

"कशाला छळता त्याला?" मी विचारलं.

"अहो, प्रेम आहे आमचं पक्ष्यांवर!"

माणसाचं प्रेम बसलं, की त्या जिवाचं काही खरं नाही. मोबाइल खिशात घालून मंडळी मिसळ खायला गेली. दयाळ मात्र उन्हं चढेपर्यंत त्या रिकाम्या बाकाशी भांडत राहिला.