उपाशी पाय

शिट्टीवालीनं एकदा डूख धरला की धरला. लहानपणी जिनं तिची बाहुली मोडली त्या शेजारणीशी ती अजून बोलत नाही, आणि ती शेजारीण आता आजी झाली आहे. मग सख्ख्या भावानं हाताला धरून घराबाहेर काढल्यावर ही गप्प बसेल, असं त्याला वाटलंच कसं, देव जाणे.

गोदामांच्या राखणीसाठी शिट्टीवर कुत्री तयार करायचं काम तिनं उभं केलं होतं. भाऊ पिंजरे धुवायचा. वडील गेले, जागा भावाच्या नावावर झाली आणि स्वारीला शिंगं फुटली. आता मला सगळं येतं, तुझी गरज नाही, म्हणाला. वर तिचा काळा कुत्रा, भुंगा, ठेवून घेतला. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं पिल्लू ते! जागा गेली खड्ड्यात. भुंगा परत आणायचा आणि भावाचं नाक कापायचं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

भावाला येत काय होतं? ताई कामाआधी सकाळचं खाणं देत नाही, कुत्र्यानं शिट्टीवर काम केलं की बकऱ्याच्या उकडलेल्या काळजाचा तुकडा देते, एवढं त्यानं पाहिलं होतं. एका वेळच्या भुकेवर कुत्रा इतकं करतो, तर दोन दिवसांच्या भुकेवर काय नाही करणार! दीडशहाणा तो. भुंग्याच्या बरगड्या दिसू लागल्या. पळून जाईल म्हणून त्याला पिंजऱ्याबाहेर काढणंही बंद झालं. मागच्या कुंपणातून तिनं हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात कानावर आलं की एक मोठा गोदामवाला रविवारी भुंग्याला बघायला येणार आहे. भावाची सगळी मदार त्या गिऱ्हाइकावरच. भांडायला जाण्याऐवजी ती काळीज उकडायला बसली. भुंग्याचा पिंजरा कुंपणाला टेकलेला होता; शुक्रवारपासून फटीतून तिनं थोडं थोडं चारलं, कारण उपाशी पोटात एकदम कोंबलं तर कुत्रं हातचं जातं. रविवारी पहाटे मात्र त्यानं तोंड फिरवेपर्यंत चारलं.

बघे फाटकाशी जमले, त्यांत ती मागे उभी राहिली. पोत्यांआड एक माणूस लपवला होता. भुंग्यानं त्याला हुडकायचं होतं. भावानं शिट्टी फुंकली. भुंगा सावलीत जाऊन बसला. भावानं काळजाचा तुकडा नाकाशी धरला. भुंग्यानं तो तोंडात घेतला, खाली ठेवला आणि भली मोठी जांभई दिली. लोक फिदीफिदी हसले. गोदामवाला म्हणाला, याला राखणीला ठेवलं तर चोरच याला राखतील. भावानं रागानं पट्टा भिरकावला आणि ओरडला, की हे निकामी जनावर ज्याला हवं त्यानं फुकट न्यावं.

"मी नेते," शिट्टीवाली म्हणाली.

चारचौघांत भावाचा शब्द गेला होता, तो गिळायचा कसा? ती भुंग्याला घेऊन बाहेर आली. तिथं तिनं गोदामवाल्याच्या ड्रायव्हरला गाडीमागे लपायला सांगितलं, पिशवीतून भुंग्याचा जुना फाटका चेंडू काढून त्याला दाखवला आणि शिट्टी फुंकली. पोट भरलं होतं, पण पाय किती दिवसांचे उपाशी होते! भुंगा सुसाट सुटला, ड्रायव्हरला हुडकून भुंकला, दुसऱ्या शिट्टीला परत आला आणि चेंडूसाठी नाचू लागला. भाऊ फाटकात उभा राहून बघत होता. त्याच्याकडे बघत तिनं चेंडू लांब फेकला, पुन्हा पुन्हा फेकला.

भुंगा तिनं विकला नाही. पण गोदामवाल्याचं काम तिला मिळालं आणि पाठोपाठ भावाची सगळी गिऱ्हाइकं आली. त्याचे पिंजरे रिकामे पडले. एक दिवस तो तिच्या नव्या जागेच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, पिंजरे धुवायला तरी ठेव. घरात चूल थंड आहे."

तिनं त्याला दुपारपर्यंत पायरीवर बसवून ठेवलं. मग भरलेलं ताट समोर सरकवलं.

"आधी पोटभर जेव. तुला भरल्या पोटी काय येतं, ते बघायचंय मला."

भाऊ खाली मान घालून जेवला. त्यानं हात धुतला आणि एकदा पिंजऱ्यांकडे बघितलं. पोट भरलं होतं, आता भिंतीशी ठेवलेल्या झाडूला त्यानं हातही लावला नाही. मग तो चपला घालून निघाला. तिनं झाडू उचलला आणि पिंजरे स्वतःच धुवायला घेतले.