तिसऱ्या वळणावरचा झेंडा

रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा नोकरीची हौस पार फिटली होती. पण घरी बसलो तर बायको कामाला लावणार, म्हणून खांब गावाच्या बाजूला माळावर शर्यतीचा ट्रॅक झाला तेव्हा मी तिथे झेंडेवाला म्हणून लागलो. माझा मेव्हणाही सोबत आला. एका रविवारी मोटारी, पुढच्या रविवारी मोटारसायकली. गावात याची चेष्टा व्हायची. "येवढं पेट्रोल जाळून परत तितंच येतान, मंग गेले कशाला?" असं लोक विचारायचे. खरं सांगतो, दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर मलाही तेच वाटायचं. कानात घोंघों, पायात गोळे, तोंडात धूळ.

काम तसं सोपं होतं. तिसऱ्या वळणावर आम्ही दोघं. कुणी पडलं की मी जागा सोडायची नाही, पिवळा झेंडा हलवत राहायचं, म्हणजे मागून येणारे वेग कमी करतात. झेंडा हलायला लागला की मगच मेव्हण्याने पडलेल्याकडे धावायचं. शिकवायला आलेल्या साहेबांनी हे दहा वेळा बजावलं होतं आणि आम्ही दहा वेळा माना डोलावल्या होत्या.

पण आम्ही पेणच्या खारेपाटातले. आमची भाताची शेतं खाडीच्या कडेला, मातीच्या बांधाच्या भरवशावर. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की ज्याला दिसेल त्याने हाळी द्यायची आणि सगळ्यांनी हातातलं टाकून धावायचं. जेवणारा ताटावरून उठतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन कितीतरी वर्षं पिकत नाही. अशा वेळी जो नुसता उभा राहतो, त्याला गाव पुढे विचारत नाही. आमच्या अंगात हेच मुरलेलं.

त्या रविवारी दुपारी एक मोटारसायकल आमच्यासमोर घसरली. चालवणारा गाडीखाली अडकला. मी "धावा रे!" अशी हाळी दिली आणि धावत सुटलो. झेंडा हातातून कधी पडला, कळलंही नाही. माझी हाळी ऐकून मेव्हणाही धावला. आम्ही त्या माणसाला ओढून कडेला आणलं. मेव्हणा गाडी उचलायला परत गेला आणि तेवढ्यात वळणावरून मागची गाडी आली. तिला वेग कमी कर म्हणून सांगायला झेंड्यापाशी कुणीच नव्हतं.

पडलेला माणूस संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत गेला. मेव्हण्याचा गुडघा मात्र त्या मागच्या गाडीने चिरडला, आत सळी घालावी लागली. त्याचा तो पाय आता वाकत नाही. चिखलात रुतला तर दुसऱ्याने काढावा लागतो, म्हणून त्याचं शेत मी लावतो.

गावाने मला शाबासकी दिली. बायको तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमचे हे धावले म्हनून माजा भाव वाचला." दवाखान्यात मेव्हण्यानेच तिला तसं सांगितलं होतं. मी मान खाली घालून चहा प्यायचो. उन्हात उभं राहून मी कधी इतका दमलो नाही, जितका त्या कौतुकाने दमलो.

गेल्या लावणीला अगदीच असह्य झालं. मेव्हणा शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. मी चिखलाने भरलेला तसाच त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी झेंडा घेऊन उभं राहायला हवं होतं. तुझा पाय माझ्यामुळे गेला."

 तो म्हणाला, "मना पैल्या दिसापासून ठाव हाय, भावजी. मना रागपन आला व्हता. पन ती माजी बहीन हाय. तिला तुमच्यासंगती जलम काढायचा हाय. तिला कदी सांगू नका."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोला एकदा सांगून मोकळं व्हायचं मी मनात ठरवलं होतं, तेही आता राहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहितो आहे.