वाटाणा आला तर येईन

मी गाव सोडलं तेव्हा आमच्या पुरंदरात वाटाण्याची तोडणी ऐन भरात होती. एस.टी. वावराला घासून गेली. सगळं वावर उठून मला हात करत होतं, बैलसुद्धा. आई तेवढी वाकलेलीच राहिली. सकाळीच सांगून मोकळी झाली होती, "माणूस मागनं भेटतो. शेंग जून झाली की गेली."

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं पोटामागं अंबरनाथच्या एमआयडीसीत येऊन पडलेल्यांनो, वडील गेल्यावर आई गावी एकटी उरली. मी बदलापुरात, बेलवलीला वन-बीएचके घेतलेला. गॅलरी एवढी ऐसपैस की माणूस आणि त्याचा श्वास आळीपाळीनं मावतात. फोनवर म्हटलं, ये राहायला. तर म्हणाली, "तिथं वाटाणा येतो का? आधी लावून दाखव. जिथं वाटाणा जगत नाही तिथं मी काय जगू?"

झालं. बेलवलीचे जुने शेतकरी गणूकाका, त्यांच्या भातशेतीत बांधाकडेचा तुकडा मागितला. ते म्हणाले, "कर काय करायचा तो. नायतरी बिल्डर येनारच हाय." मी मृगात बी टाकलं, गावी टाकतात तसं. पण आमच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस इथं चहा उकळेपर्यंत पडतो. बी कुजलं. पुढच्या वर्षी पुन्हा मृगातच टाकलं. ते वाहत उल्हास नदीला मिळालं आणि खाडीतल्या माशांनी त्याची उसळ खाल्ली. तेव्हा गणूकाका म्हणाले, "अरे येड्या, भात निंगू दे. आमच्या वालाबरोबर टाक."

दिवाळीनंतर वाटाणा? तोवर आमच्याकडे तो विकून, खाऊन, विसरून झालेला असतो. बापाचं पंचांग मोडल्यासारखं वाटलं. पण आई हल्ली फोन उचलायला वेळ लावायची आणि उचलला की "आला का?" एवढंच विचारायची. मग भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर बी टोकलं. वेलाला आधार म्हणून उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या शिलाई कारखान्यातून जीन्सच्या चिंध्या आणल्या. सिंधी मालक म्हणाला, "साईं, इसका क्या बनेगा?" मी म्हटलं, "मटर की पँट." त्यानं पैसेच घेतले नाहीत. वेड्याकडून कोण घेतो.

बदलापूरची थंडी वाटाण्याला अशी मानवली की धुकं असलं तर वेलाचा शेंडा दिसायचा नाही. शेजारच्या टॉवरमधली माणसं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून शेंगा खुडायची. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचारा, तोही खायचा.

आई आली ती परतीचं तिकीट काढूनच. बांधावर बसली, शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. कंपनीत बॉयलरच्या काट्याकडे बघतो तसा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड आहे," म्हणाली. मग दुसरी शेंग फोडत, "आपला नाही, पण गोड आहे."

तिकीट वाया गेलं. वेल वाळेपर्यंत राहिली. मग वळवाचे ढग दिसले तसं गाठोडं बांधलं. तिकडं पेरणी होती ना. तेव्हापासून पावसात तिकडे, थंडीत इकडे. गाव सोडलं मी, पण दोन्हीकडे राहणं जमलं ते तिला. मृग लागला की मशीनवर माझे हात वळवळतात, आणि गावी गेलो की बेलवलीच्या वेलाला पाणी कोण घालणार म्हणून झोप नाही.

यंदा पावसाळ्यात गणूकाकांचं शेत गेलं. भोवती पत्रे ठोकले. आईला फोनवर भीत भीत सांगितलं. ती तोडणीत होती.

"मग दुसरं बघ," म्हणाली. "मला दिवाळीनंतर यायचंय."

तेव्हा दर रविवारी मी मोटारसायकल काढून वांगणीपर्यंत जातो, दिसेल त्या भातापाशी थांबतो आणि "हे विकायचं तर नाही ना?" असं विचारतो. लोक एजंट समजून कुत्री सोडतात. घर कुठं म्हणून विचाराल तर सध्या एवढंच सांगता येईल, की जिथं भात निघाल्यावर ओल राहील आणि थंडी सरेपर्यंत कुणी पत्रे ठोकणार नाही, अशी एखादी जागा शोधतोय.