हात मी काढून घेतला

आमच्या संघाच्या कप्तानाने सायकल थांबवली नाही. पायडल मारणे थांबवले, मान न वळवता बोटाने मला जवळ बोलावले आणि चड्डी खाली ओढली. मी माझी सायकल त्याच्या डावीकडे घेतली, उजवा तळहात त्याच्या कमरेवर टेकवला आणि त्याला ढकलू लागलो. तो चालत्या सायकलवरून लघवी करत होता. वारा उजवीकडून होता. थेंब माझ्या मनगटावर आणि गुडघ्यावर उडत होते. जयपूरहून आमेरकडे जाणारा रस्ता, जानेवारीची सकाळ. सायकलला दुधाच्या बरण्या बांधलेले दोन भैया थांबून पाहत होते. त्यातल्या एकाने दुसऱ्याला विचारले, "ये इसका नौकर है क्या?"

त्याच रस्त्याच्या कडेला माझे वडील उभे होते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली; मी तेव्हा बेल्जियमच्या एका व्यावसायिक सायकल संघात होतो. आज लिहितो आहे, कारण इथल्या, जयपूरच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या छपाईपूर्व प्रतीत माझा फोटो आणि त्याखाली एक वाक्य आहे: 'घरची ओढ आणि परदेशातील थंडी न सोसल्याने त्यांनी संघ सोडला.' बेल्जियममध्ये गारांच्या माऱ्यात मी दोनशे किलोमीटरच्या शर्यती पुऱ्या केल्या आहेत. थंडीचे मला कोणी सांगू नये. आमच्या वस्तीतील तरुण याच्या उलट सांगतात. म्हणे मी कप्तानाच्या कानाखाली वाजवली. तेही खोटे. मी कोणाला मारले नाही. जे केले ते त्याहून लहान होते आणि त्याहून अवघड होते.

व्यावसायिक संघात एक कप्तान असतो, बाकीचे त्याचे मदतनीस. त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, वारा अंगावर घ्यायचा, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. शर्यतीत थांबले की वेळ जातो, म्हणून कप्तानाला लघवी लागली की एकाने त्याला ढकलत न्यायचे. पहिल्या हंगामात मीही ढकलले, पण पाळीने. आम्ही सहा मदतनीस होतो. माझ्या खोलीतला लुक ढकलायचा, बाकीचे ढकलायचे, मग माझी पाळी यायची. वर्षभरात माझे नाव नीट उच्चारायला त्यांच्यापैकी कोणी शिकला नाही, मालिशीच्या टेबलावर मी नेहमी शेवटचा. ते गोड लोक नव्हते. पण घाण सर्वांच्या वाट्याला सारखी होती.

हंगाम संपल्यावर संघ कोरड्या रस्त्यांच्या शोधात तीन आठवड्यांच्या सरावासाठी जयपूरला आला. शेवटच्या दिवशी पुढच्या हंगामाच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. तो करार मला हवा होता. इथल्याच झोटवाड्याच्या कारखान्यात पुन्हा लेथपुढे उभे राहायचे नव्हते.

जयपूरच्या तिलक नगरमध्ये एक डॉक्टरसाहेब राहत. मराठी, आमच्याच तालुक्यातले, मंडळाचे अध्यक्ष. माझे वडील, आबा, लष्कराच्या छावणीत हवालदार होते आणि गेली आठ वर्षे मंडळाच्या गणपतीत सतरंज्या घालत. डॉक्टरसाहेबांनी संघाला जेवायला बोलावले. जेवताना ते मॅनेजरला इंग्रजीत म्हणाले, "हा मुलगा चिवट आहे. याचे आजोबा आमच्या गावची मेलेली गुरे ओढायचे. यांच्या लोकांना घाणीचे काही वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय."

आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तुझं कौतुकच करतोय हो. घे, श्रीखंड घे."

मॅनेजर हसला नाही. त्याने मान डोलावली, एखादी उपयोगी माहिती मिळाल्यासारखी. मी श्रीखंड खाल्ले. त्या घासाची किळस मला अजून येते.

दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली. आमेरच्या रस्त्यावर शर्यत नव्हती, कोणी प्रतिस्पर्धी नव्हता, घड्याळ नव्हते. बाकीचे सगळे खुशाल थांबून झाडाआड जात. कप्तान थांबत नसे. ढकलणारा मिळाला होता.

आबांनी ते तीन दिवस पाहिले. चौथ्या दिवशी सकाळी मी टायरमध्ये हवा भरत होतो.

"तिकडंबी तूच ढकलायचास?" त्यांनी विचारले.

"नाही. पाळीनं."

"मग हितं?"

मी पंप मारत राहिलो. टायर दगडासारखा झाला तरी मारत राहिलो.

त्या दिवशी कप्तानाने बोट केले. मी गेलो, तळहात कमरेवर ठेवला, पाच-सहा हात ढकलले आणि हात काढून घेतला. सायकल डगमगली. एक पाय जमिनीवर टेकवून तो कसाबसा थांबला आणि त्याची स्वतःचीच मांडी ओली झाली. मागची मोटार थांबली. मॅनेजर खाली उतरला.

"हात सुटला का?"

"काढला. पाळी लावा. माझी आली की ढकलीन."

"हे तुझे काम आहे."

"कधीपासून?"

मी लुककडे पाहिले. लुक आपल्या ब्रेकची तार चाचपत होता. तारेत काही बिघाड नव्हता. उरलेले साठ किलोमीटर मी त्यांच्याबरोबर सायकल चालवली. एकदाही मागे पडलो नाही, हे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब आमच्या क्वार्टरमध्ये आले. आठ वर्षांत प्रथमच. त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला, कप रिकामा केला. गरज त्यांची होती.

"हवालदार, पोराला समजवा. मतलब, थोडं जुळवून घ्यायचं. त्याच्यामुळे जयपूरच्या मराठी माणसाचं नाव होतंय."

आबा म्हणाले, "पोरगं तयार हाय, साहेब. त्यास्नी फकस्त पाळी लावाय सांगा."

"अहो, इतक्याशा गोष्टीसाठी?"

"इतकीशीच हाय. तर लावत्याल की."

डॉक्टरसाहेब उठले. पाळी लागली नाही. शेवटच्या दिवशी पाच करार झाले, सहावा कागद मॅनेजरने बॅगेत परत ठेवला. मी संघाची सायकल धुऊन, पुसून, तिच्या साखळीला तेल घालून परत केली. त्यानंतर एकतीस वर्षे झोटवाड्याला लेथ चालवला. ते दिवस गोड होते असे मी म्हणणार नाही. ज्या शर्यती करू शकलो असतो त्या केल्या नाहीत, आणि त्याची भरपाई कशानेही झालेली नाही.

आता मंडळाला माझ्या हातून दीपप्रज्वलन हवे आहे. स्मरणिकेचे काम पाहणारे डॉक्टरसाहेबांचे चिरंजीव फोनवर म्हणाले, "काका, जुनं कशाला उकरता? कार्यक्रम छान होऊ द्या ना." मी त्यांना सांगितले ते असे. थंडीचे वाक्य काढा. घरची ओढ काढा. श्रीखंडाच्या पंक्तीत तुमचे वडील जे बोलले ते त्यांच्या नावासह छापा. तेवढे होईपर्यंत माझा फोटो तुमच्या पानावर राहणार नाही आणि तुमचा दिवा मी लावणार नाही. ते छापले नाहीत, तर हा मजकूर घेऊन मी सभागृहाच्या दारात उभा राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देईन.

आणि वस्तीतल्या पोरांनो, तुम्हीही ती कानाखाली वाजवल्याची कथा बंद करा. थोबाडीत रागाच्या भरात बसते. मी रागात नव्हतो. माझा हात सुटला नव्हता. मी तो काढून घेतला होता. लिहायचे तर तसे लिहा.