मामूंनी ऊन दाखवलेली वाइन

साठ सालानंतरच्या, आखातातल्या त्या देरा गावात वाइनबद्दल आमच्या मामूंइतकं जाणणारा दुसरा माणूस नव्हता, आणि मामूंनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज नातवंडं झाली तरी कळलेलं नाही. मुळात ते माझे मामूसुद्धा नव्हते. आईच्या चुलतबहिणीच्या दिराशी त्यांचं काहीतरी नातं होतं, ते कोणी नीट सांगू शकलं नाही. आम्ही रत्नागिरीकडचे सहाजण एका खोलीत राहायचो, त्यात ते वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामू.

एका इंग्रज साहेबाच्या कंपनीचं गोदाम ते सांभाळायचे. साहेब परवाना काढून परदेशी लोकांसाठी वाइन मागवायचा. पाच वक्त नमाज पढणारा माणूस दिवसभर बाटल्यांत कसा, असं विचारलं की मामू म्हणायचे, "मी काच सांभाळतो. आत काय आहे ते साहेबाला ठाऊक आणि अल्लाला ठाऊक." मग घरी येऊन इतका वेळ हात धूत बसायचे, की आमच्या वाटचं पाणी खलास. आम्ही ओरडायचो, ते आणखी एकदा हात धुवायचे.

फ्रान्समधल्या एका लहानशा द्राक्षमळ्याची म्हातारी मालकीण साहेबाला पत्रं लिहायची. तिचं जांभळ्या शाईतलं किरटं अक्षर आणि मोडकं इंग्रजी साहेबाला लागत नसे, म्हणून तो पत्रव्यवहार मामूंकडे आला. मामू तिला 'आपा', म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. आपांकडे गारा पडल्या, आपांचा गुडघा धरलाय, यंदा मेर्लो खुशीत आहे पण कॅबर्ने रुसलाय, असं रोज जेवताना चालायचं. मेर्लो आणि कॅबर्ने हे तिचे मुलगे असं मी वर्षभर समजत होतो. नंतर कळलं, या द्राक्षांच्या जाती, आणि त्या एकत्र करून लाल वाइन होते.

"एकाच जातीची का नाही करत?" मी विचारलं.

"अरे, नुसत्या मिरचीचं कालवण करतोस काय तू? कॅबर्ने कडक, मेर्लो मऊ. दोघांना समजुतीने एकत्र बसवायचं असतं. आपांचा हात हलका आहे."

हे न चाखता कसं कळलं, तर म्हणे पत्रावरून.

एका उन्हाळ्यात साहेब रजेवर विलायतेला गेला आणि मागे आपांच्या चाळीस पेट्या आल्या. सोबत पत्र होतं. माल पसंत पडला तर साहेब दरवर्षी घेणार होता. नाही पडला तर आपांना मळा शेजाऱ्याला विकावा लागणार होता. मामूंचं जेवणच सुटलं. गोदाम खाडीकाठचं, दमट, आणि या पेट्यांत बाटल्या नेहमीसारख्या उभ्या नाहीत, आडव्या. "कोण शहाण्याने भरल्या? गळतील ना," म्हणाले. आता आमच्या घरी कोकमाचं आगळ असो की लोणचं, वर्षाचं काही भरलं की त्याला ऊन दाखवायचं, ही रीतच. शुक्रवारी "यल्ला" म्हणत त्यांनी आम्हा पाचजणांना कामाला लावलं. चाळीस पेट्या गच्चीवर, बाटल्या ओळीने उभ्या, बुचांवर मलमलीचे तुकडे. चार दिवस. आमच्या अंगणातलं ऊन वेगळं आणि देऱ्याचं वेगळं, हे एकालाही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी बुचं वर सरकली, तेव्हा मामू समाधानाने म्हणाले, "मुरतंय."

साहेब आला, एक घोट घेतला आणि थुंकला. आपांना लिहून टाका म्हणाला, माल खराब, पुन्हा नको. मामूंनी विचारल्यावर त्यानेच सांगितलं, वाइनला सावली लागते आणि बाटली आडवीच ठेवतात. मामू घरी येऊन भिंतीला टेकून बसले. खरं सांगावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर आपांचा मळा जातो. गावी त्यांच्या पाच मुली लग्नाच्या. गप्प बसा, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं, त्याची मला अजून लाज वाटते.

"तिचा गुडघा कुठला दुखतो ते मला ठाऊक आहे," मामू म्हणाले. "तिला खोटं कसं लिहू?"

सकाळी त्यांनी साहेबाला सगळं सांगितलं. ऊन दाखवणं म्हणजे काय, हे समजावण्यातच अर्धा तास गेला. साहेबाने आपांकडे नव्याने माल मागवला आणि मामूंना सिमेंटच्या गोदामात टाकलं. नोकरी राहिली, पत्रं गेली. जाण्याआधी मामूंनी आपांना एक शेवटचं पत्र लिहून आपली चूक कबूल केली.

काही महिन्यांनी त्यांच्या नावाने पार्सल आलं. आत जामची बरणी आणि जांभळ्या शाईत चार ओळी. मळा राहिला, तुम्ही पीत नाही असं तुमच्या पत्रातून कळलं, म्हणून ही त्याच वेलींची द्राक्षं, नुसती साखर घालून. मामूंनी बिस्मिल्ला म्हणून बोटभर चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मेर्लो जास्त आहे." मीही चाखलं. मला द्राक्षं लागली.

मग त्यांनी बरणी बंद केली आणि उशाशी, सावलीत, आडवी ठेवली. आपांची वस्तू आडवीच ठेवतात, हे आता ते शिकले होते. सकाळी अर्धा जाम उशीत. आम्ही हसून लोळलो. मामू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तो जांभळा डाग खोळीवर कायमचा राहिला. पाण्यासाठी आमच्याशी रोज भांडणाऱ्या त्या माणसाने खोळ कधी धुतली नाही. संध्याकाळी सिमेंटने पांढरे होऊन यायचे, हात धुवायचे आणि त्याच डागावर डोकं टेकायचे.